नवऱ्याच्या जहाजावर जायचंय? बेळगाव भागातल्या घरांसाठी तयारीचे टप्पे

गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला. नवरा मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनियर. "कंपनी फॅमिलीला न्यायला परवानगी देते म्हणतात, पण सुरुवात कुठनं करायची तेच कळंना," म्हणाल्या. मी तासभर बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलं.

माझे यजमान बल्क कॅरियरवर, म्हणजे धान्य, कोळसा, साखर असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, सेकंड इंजिनियर आहेत. मी आणि आमची नऊ वर्षांची लेक सिंगापूरला जहाजावर चढलो. तिथून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून ब्राझीलच्या सांतोस बंदरात आणि सांतोसहून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला गेलो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघालो, जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरलो. घरात कुणी असं गेलेलं नव्हतं. सासूबाई तर शेवटपर्यंत विचारत होत्या, "एवढ्याशा पोरीला घेऊन समुद्रात कुठं जाऊलालीस गं?"

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ही तयारी नवरा रजेवर घरी असतानाच पुरी करायची. तो एकदा जहाजावर चढला की एका सहीसाठी महिना जातो.

१. आधी कंपनीची लेखी परवानगी

बहुतेक कंपन्यांत ही सवलत अधिकाऱ्यांना असते. कुठे सगळ्या अधिकाऱ्यांना, कुठे फक्त सीनियर लोकांना. मुलांचं वय किती हवं, किती महिने राहता येतं, जेवणाचे पैसे कापतात की नाही, गरोदर असल्यास काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. दुसऱ्या कंपनीतल्या मैत्रिणीचा नियम आपल्याला लागू होईल असं धरून चालू नका.

जागेचाही प्रश्न असतो. लाइफबोटीत जेवढ्या माणसांची सोय, तेवढीच माणसं जहाजावर राहू शकतात. कॅप्टनची बायको आणि चीफ इंजिनियरचं कुटुंब आधीच जाणार असेल तर तुमचा नंबर पुढच्या वेळी लागतो. म्हणून कॉन्ट्रॅक्ट ठरत असतानाच अर्ज टाका.

परवानगी मिळाली की कागदोपत्री आपण 'सुपरन्यूमररी' होतो. म्हणजे जहाजाच्या यादीत नाव असलेली, पण कामावर नसलेली व्यक्ती. हा शब्द लक्षात ठेवा. विसा केंद्रापासून परदेशी बंदरात कंपनीचं काम बघणाऱ्या एजंटपर्यंत सगळीकडं तोच ऐकू येतो.

मूल नेणार असाल तर याच वेळी लाइफजॅकेटचं विचारा. मालवाहू जहाजावर मोठ्यांची जॅकेटं असतात, मुलांच्या मापाची असतीलच असं नाही. १५ किलोच्या आतल्या बाळाचं वेगळं, १५ ते ४३ किलोच्या मुलाचं वेगळं. आम्ही वजन आणि उंची लिहून ईमेल केली, तेव्हा कंपनीनं सिंगापूरला आमच्या आधी जॅकेट पोचवलं.

आणि मार्ग विचारा. २०२३च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेच्या खालून जायला लागली. जहाज धोक्याच्या पट्ट्यातून जाणार असेल तर कंपनी कुटुंबाला आधीच्या बंदरात उतरवते, आणि ते योग्यच आहे. तशी वेळ आली तर कुठल्या बंदरात उतरायचं आणि परतीचं तिकीट कोण काढणार, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.

२. पासपोर्ट आणि नावांचा घोळ

आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो.

जन्मदाखला, रेशनकार्ड, नाडकचेरीतले दाखले कन्नडमधून येतात. शाळेचा दाखला मराठी शाळेचा असतो. आधारवर तिसरंच काहीतरी छापलेलं असतं. भोसले, कांबळे अशी आडनावं कन्नडमधून इंग्रजीत गेली की मध्ये एक 'ए' वाढतो, मराठीतून गेली की तो गळतो. गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण बापाच्या पासपोर्टवर 'एस'नंतर 'ए' नाही आणि मुलीच्या पासपोर्टवर आहे, तर परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं होतात.

आमच्या बाबतीत तेच झालं. लेकीच्या जन्मदाखल्यावर तो 'ए' होता, यजमानांच्या पासपोर्टवर आणि सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या सरकारी पुस्तकावर, नव्हता. आधी जन्मदाखला दुरुस्त केला, मग तिच्या पासपोर्टचा अर्ज टाकला. यात सात आठवडे गेले. उलट क्रमानं केलं असतं तर पासपोर्टही पुन्हा काढावा लागला असता.

गावाच्या नावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ला सरकार दरबारी बेळगावचं बेळगावी झालं. त्याआधीच्या कागदांवर जुनं स्पेलिंग आहे, नंतरच्यांवर नवं. हे बदलत बसायची गरज नाही. फक्त अर्जात कुठं जन्मगाव विचारलं तर तुमच्या पासपोर्टवर अक्षरशः जे छापलंय तेच लिहा. मनात जे नाव आहे ते लिहू नका.

पासपोर्टसाठी आता हुबळीला जायची गरज नाही, बेळगावात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टला मोठ्यांना १,५०० रुपये आणि मुलांना १,००० रुपये शुल्क आहे. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, तेव्हा घरात आधीच काढून ठेवलेला असेल तर तारीख बघा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते. नवरा रजेवर असताना करा म्हणते ते मुख्यतः यासाठी.

प्रवास संपल्यानंतरही सहा महिने मुदत उरायला हवी. त्यात जहाजाचा प्रवास लांबतो, म्हणून मी वर्षभराची मुदत हाताशी असल्याशिवाय निघू नका असंच सांगेन.

लग्नाचा दाखला सब-रजिस्ट्रार कचेरीतूनच काढा, मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका चालत नाही. दाखला कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा.

३. विसा: पुणं जवळ असलं तरी

खलाशांना सीडीसीवर कित्येक बंदरांत किनाऱ्यावर उतरायचा पास मिळतो. आपल्याला सीडीसी नसते. आपल्याला साधा विसाच लागतो, आणि तो जहाज जाईल त्या प्रत्येक देशाचा लागतो. नुसतं जहाजावर बसून राहीन, खाली उतरणार नाही, असं म्हणून भागत नाही. विसा नसेल तर काही देशांत कंपनीला त्रास होतो, म्हणून कंपनीच आपल्याला चढवत नाही.

इथं आपल्या भागातल्या माणसाची हमखास चूक होते. बेळगावहून पुणं सोयीचं, नातेवाईकही तिथं, म्हणून आपण अपॉइंटमेंट पुण्याची घेतो. पण शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच विसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी, बऱ्याच जणांच्या वकिलाती विभाग वाटून घेतात आणि तुमचा विभाग राहत्या पत्त्यावरून ठरतो. चंदगड, गडहिंग्लजचा माणूस महाराष्ट्रात मोडतो, बेळगावचा कर्नाटकात. पंचवीस मैलांवरच्या माझ्या मावसबहिणीला मुंबईच्या वकिलातीचा विभाग, मला बंगळूरचा. मी पुण्याला जाऊन खिडकीवरून परत आले, सोबत लेक, एक दिवस आणि जाण्यायेण्याचा खर्च वाया. अपॉइंटमेंट घेण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर कर्नाटक कुणाकडं आहे ते बघा. बंगळूरला जायला राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहे, सकाळी पोचून काम उरकता येतं. ऑगस्ट २०२५पासून वंदे भारतही सुरू झालीय.

शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा हवा. अर्जात हॉटेल बुकिंग आणि परतीचं तिकीट विचारतात आणि आपल्याकडं दोन्ही नसतं. त्याऐवजी कंपनीचं पत्र लागतं. त्यात जहाजाचं नाव, अंदाजे बंदरं, तुमचं नवऱ्याशी नातं, आणि खर्च व परतीची जबाबदारी कंपनीची, हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

मल्टिपल एंट्री मागा. माल कुठं उतरवायचा हे चार्टरर, म्हणजे जहाज भाड्यानं घेणारा, वाटेत बदलू शकतो. आम्हाला सांतोस सोडताना एक बंदर सांगितलं होतं, रॉटरडॅम ठरलं ते फ्रान्सजवळच्या बिस्केच्या उपसागरापाशी पोचल्यावर.

४. लस आणि डॉक्टर

ब्राझील किंवा आफ्रिकेतलं बंदर असेल तर यलो फीवरची लस घ्याच. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. २०१६पासून तिचं सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यायचा जुना नियम गेला. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांतच मिळते. अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा बाळ नऊ महिन्यांच्या आतलं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

दाताचं काम पुरं करून निघा. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांचं कपाट सेकंड ऑफिसर सांभाळतो आणि गरज पडली तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला रेडिओवर किंवा उपग्रह फोनवर घेतात. सांतोसच्या वाटेवर आम्हाला महिनाभर जमीन दिसली नाही. तिथं दाढ दुखली तर काही इलाज नाही. लेकीच्या वजनाप्रमाणं तापाच्या औषधाचा डोस बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घेतला होता. तो कागद दोनदा उपयोगी पडला.

५. ही फाइल हातातल्या पिशवीत

मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. स्कॅन करून ईमेलवरही टाका.

- सगळ्यांचे पासपोर्ट, विसासह
- लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, इंग्रजी भाषांतरासह
- कंपनीचं परवानगीपत्र
- चढण्याच्या बंदरातल्या एजंटचं पत्र
- यलो फीवरचं पिवळं पुस्तक, म्हणजे लसीचं सर्टिफिकेट
- वैद्यकीय तपासणीचा दाखला आणि विमा
- नवऱ्याच्या पासपोर्टच्या आणि सीडीसीच्या प्रती
- पासपोर्ट साइजचे आठ-दहा फोटो

एजंटच्या पत्रावाचून विमानतळावर जाऊ नका. आपल्याकडं सिंगापूरचं एकतर्फी तिकीट असतं. परतीचं कुठाय, हे एअरलाइनच्या काउंटरवरही विचारतात आणि इमिग्रेशनलाही. पत्र दाखवलं की पाच मिनिटांत काम होतं.

६. बॅग

बॅगा कमी न्या. सुती कपडे, पायजमे, घट्ट बसणारे रबरी तळव्याचे बूट, एक जाड स्वेटर. केप ऑफ गुड होपच्या बाजूला एप्रिलमध्येसुद्धा वारा अंगाला झोंबतो. मुलासाठी पत्ते, रंग, शाळेची पुस्तकं. जहाजावर इंटरनेट असलं तरी प्रत्येकाला मोजूनच मिळतं.

आता कुंद्याचं. बेळगावहून निघणारा माणूस कुंदा घेतल्याशिवाय निघत नाही. मी दोन किलो घेतला होता, जहाजावरच्या सगळ्यांसाठी. सिंगापूरला चढणार होतो म्हणून तो जहाजापर्यंत पोचला. पण विमानानं थेट युरोपात उतरून जहाज गाठणार असाल तर दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियात तर खाण्याचा प्रत्येक जिन्नस फॉर्मवर लिहून द्यावा लागतो, नाहीतर दंड. त्या वाटेनं जाणाऱ्यांनी कुंदा घरीच ठेवा. चढायच्या देशाचे नियम बघून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग यांचा विचार करा. भडंगाचा डबा आमच्याकडं तिसऱ्या दिवशीच रिकामा झाला.

७. जहाजावर चढताना

जहाज धक्क्याला लागलेलं असेलच असं नाही. सिंगापूरला आमचं जहाज नांगरावर उभं होतं. एजंटनं विमानतळावरून मरिना साउथ पियरला नेलं, तिथून लाँचनं. खालून बघितलं तर जहाज म्हणजे लोखंडी भिंत, आणि तिच्या अंगाला तिरका लावलेला जिना. लाँच वरखाली होते, जिना जागेवर असतो. लाँच लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना नाही.

साडी, ओढणी, चप्पल नको. हातात काहीही नको, दोन्ही हात दोराला. बॅगा वरून दोर सोडून ओढून घेतात. लेकीच्या मागं एक खलाशी दोन पायऱ्यांवर राहिला, पुढं बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. मी खाली उभी राहून तिचे बूट बघत होते, एकेक पायरी. ती वर पोचली, तिच्या बाबांनी तिला कठड्याच्या आत उचलून घेतलं, तेव्हा कुठं मी जिन्यावर पाय ठेवला. मूल घाबरट असेल तर जहाज धक्क्याला लागेल त्या बंदरातच चढायचं असं कंपनीला सांगा. त्यात संकोच नको.

८. पहिले तीन दिवस

पहिल्याच दिवशी सेफ्टी ऑफिसर सगळं फिरवून दाखवतो. गंभीरपणे ऐका. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे इमर्जन्सी. तो ऐकला की लाइफजॅकेट घेऊन ठरलेल्या जागी. आम्ही लेकीकडून केबिन ते मस्टर स्टेशन, म्हणजे ती ठरलेली जागा, हा रस्ता डोळे मिटून तीनदा चालवून घेतला.

डेकवर एकटं जायचं नाही, इंजिन रूममध्ये बोलावल्याशिवाय नाही. पोलादी दारांत बोटं चिरडतात, म्हणून मुलांना दाराची चौकट धरायची सवय पहिल्या तासातच मोडा.

समुद्र लागणं बहुतेकांच्या वाट्याला येतंच. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही, ती आधी घ्यायची. कोणती आणि मुलाला किती, हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वीच लिहून आणा. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, चुरमुरे, आल्याचा तुकडा. वाचू नका, उघड्यावर येऊन क्षितिजाकडं बघा. मला दोन दिवस लागले, लेकीला अर्धा. आफ्रिकेच्या टोकाशी मात्र पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. जहाज इतकं डोलत होतं की आम्ही गादीच्या एका कडेखाली लाइफजॅकेटं सरकवून भिंतीकडं उतार केला आणि त्या खाचेत झोपलो. ही युक्ती चीफ कुकनं सांगितली. ती लक्षात ठेवा.

९. रोजचं जगणं

नवरा भेटेल, पण तो कामावर आहे. सकाळी आठ ते पाच इंजिन रूम, रात्री अलार्म वाजला की पुन्हा खाली. बंदरात तर त्याला सगळ्यात कमी सवड. हे आधी मनाशी ठरवून गेलात तर चिडचिड होत नाही. मी लग्नाच्या अकराव्या वर्षी पहिल्यांदा इंजिन रूमच्या जिन्यावर उभी राहिले. चाळीस अंशांच्या वर उष्णता, कानांवर आवाज अडवणारे मफ असूनही छातीत घुमणारा आवाज, आणि त्यात हे शांतपणे एका पाइपवर हात ठेवून उभे. 'कंटाळा आलाय' एवढंच जे फोनवर सांगायचे, त्यात काय काय असायचं ते मला त्या दिवशी कळलं.

जेवणाच्या वेळा ठरलेल्या, उशीर करू नका. रविवारी बिर्याणी. स्वयंपाकघरात शिरून मी काही करते म्हणायची घाई नको, तिथला मालक चीफ कुक. विचारलंत तर एखाद्या दिवशी आनंदानं जागा देतो. मी एकदा झुणका केला.

पाण्याचं ऐका. खोल समुद्रात इंजिनाच्या उष्णतेवर खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करतात. किनाऱ्याजवळ आणि नांगरावर ते यंत्र बंद ठेवतात, कारण तिथलं पाणी घाण असतं. सांतोसबाहेर आम्ही सहा दिवस थांबलो, तेव्हा टाकीतलं पुरवून वापरावं लागलं. राकसकोप धरणाच्या पाण्याची वाट बघत बादल्या भरून ठेवणाऱ्या बेळगावकराला हे शिकवायला नको, पण मुलांना सांगावं लागतं.

आणि घड्याळ. सिंगापूर ते सांतोस अकरा तासांचा फरक, म्हणजे महिन्याभरात अकरा रात्री घड्याळ एकेक तास मागं. घरी फोन करताना दर वेळी नवा हिशेब. केबिनच्या आरशावर भारतीय वेळेचं दुसरं घड्याळ चिकटवा. आम्ही तसं केलं नव्हतं आणि सासऱ्यांना रात्री अडीचला उठवलं.

१०. बंदरात

बंदरात किनाऱ्यावर जायचं असेल तर कॅप्टनची परवानगी, पास, आणि परतायची वेळ कागदावर लिहून घ्या. जहाज कुणासाठी थांबत नाही. एजंटचा नंबर आणि धक्क्याचं नाव चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात ठेवा. जवळ सीमेन्स क्लब असेल तर तिथली माणसं गाडी, वायफाय, मदत सगळं देतात, आणि बायकामुलांना बघून जास्तच आपुलकीनं वागतात.

सांतोसला पाऊस आला की हॅच, म्हणजे माल भरायच्या तोंडाची झाकणं, बंद आणि लोडिंग थांबतं, धान्य भिजू देत नाहीत. अशाच एका पावसात चार तास मिळाले आणि आम्ही जुन्या कॉफी एक्स्चेंजच्या इमारतीतलं कॉफीचं संग्रहालय बघून आलो. परतताना शेजारच्या धक्क्यावर पट्ट्यावरून कच्ची साखर जहाजात पडत होती, तपकिरी, ढीगच्या ढीग. वारा आमच्याकडं होता. लेक म्हणाली, "आई, संकेश्वरच्या फॅक्टरीचा वास." खरंच, काकवीचा तोच गोड उग्र वास, ऊस हंगामात संकेश्वरजवळून जाताना येतो तो.

११. उतरताना

उतरायचं बंदर ठरलं की आठवडाभर आधी कंपनीला लिहून तिकीट मागा, पण बदलता येईल असंच. धक्का रिकामा नसला की जहाज बाहेर थांबतं. आमचं विमान तसंच एकदा चुकलं आणि तिकीट बदलण्यासारखं होतं म्हणून निभावलं.

रॉटरडॅमला एजंट आम्हाला आधी बंदर पोलिसांकडं घेऊन गेला, तिथं पासपोर्ट तपासून नोंद झाली, मग विमानतळ. ही पायरी कुणी घाईत टाळू बघत असेल तर टाळू देऊ नका. समुद्रातून आलेल्या माणसाच्या पासपोर्टवर आत आल्याची नोंदच नसेल, तर विमानतळावर खुलासा करत बसावं लागतं.

कर्नाटकातल्या शाळा मे अखेरीस उघडतात, महाराष्ट्रासारख्या जूनच्या मध्याला नाही. आमचा पहिला आठवडा बुडाला. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन ठेवला होता, म्हणून काही अडलं नाही. त्या अर्जाची पोच मात्र घेऊन ठेवा, आणि ती झेरॉक्सही फाइलमध्येच लावा.